काटा पहिल्या रेघेवर

बाबूजींच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, छातीत दुखायला लागलं तेव्हापासून आम्ही त्यांना घेऊन घरातून निघेपर्यंत किती मिनिटं गेली, असं लोक विचारत. मी पाच सांगत असे. माझी बायकोही पाचच सांगे. ते खरं नव्हतं. खरा आकडा मला दोन आठवड्यांनी कळला, आणि त्यानंतरही तीन वर्षं मी पाचच सांगत राहिलो.

मी पाटबंधारे खात्यात नोकरीला होतो. आमच्या भागात तलाव पुष्कळ. तलावातल्या मोजपट्टीवर पाणी कुठवर आहे ते वाचायचं आणि रजिस्टरमध्ये लिहायचं, पावसाळ्यात रोज आणि एरवी आठवड्यातून एकदा, हे माझं सव्वीस वर्षांचं काम. डोळ्यांना दिसलं तेवढंच लिहायचं, अंदाजाने काही लिहायचं नाही, हे सुरुवातीलाच अंगात भिनलं. म्हणून त्या पाच मिनिटांचा मला जास्त त्रास झाला.

बाबूजी गोंदियाजवळच्या एका राईस मिलमध्ये इंजिन चालवत. एकच सिलिंडर असलेलं, माणसाच्या उंचीच्या चाकाचं जुनं डिझेल इंजिन होतं. लहानपणी डबा घेऊन गेलो की मी ते पाहत उभा राहायचो. हँडल मारून इंजिन सुरू केलं की बाबूजी लगेच मिल चालू करत नसत. इंजिन नुसतंच फिरू देत. थंड करायचं पाणी एका पाइपातून हौदात पडे. त्या धारेखाली ते हात धरून उभे राहत. धार कोमट झाली की मग पट्टा सरकवत आणि धान भरडायचं काम सुरू होई. याला दहा मिनिटं लागत. मालक ओरडला, बाहेर बैलगाड्यांची रांग लागली, तरी दहा मिनिटं म्हणजे दहा मिनिटं.

"थंड्या इंजिनावर लोड टाकला तं ते आतून सोताले खाते," ते म्हणत. "दिसत नाही. पन खाते."

त्यांच्या हाताखाली ते इंजिन अठ्ठावीस वर्षं चाललं आणि एकदाही उघडावं लागलं नाही, असं मिलमधले लोक सांगत. मी त्याची खात्री केलेली नाही. गोंदिया वेगळा जिल्हा झाला त्याच वर्षी मिलमध्ये विजेच्या मोटारी बसल्या. मोटारीला गरम करावं लागत नाही. बटन दाबलं की झालं. बाबूजी जिल्ह्यातल्याच गोरेगावच्या पुढे असलेल्या आमच्या गावी, माझ्याकडे राहायला आले. आई आधीच गेली होती. घरात मी, बायको, आमची एकुलती एक मुलगी आणि ते.

२०११ च्या दिवाळीला मी गाडी घेतली. छोटी, पांढरी, डिझेलवर चालणारी. त्याआधी मोटरसायकल होती. गाडीसोबत आलेलं पुस्तक मी दोनदा वाचलं. त्यात स्पष्ट लिहिलं होतं की गाडी सुरू केल्यावर उभी ठेवून गरम करू नका, लगेच निघा. मात्र इंजिन तापेपर्यंत जोरात पळवू नका. पहिल्या सर्व्हिसिंगला मी तिथल्या मिस्त्रीलाही विचारलं. तो म्हणाला, "अंकल, स्टार्ट करो और निकल जाओ. खड़ी गाड़ी में क्या गरम होगा? बस पहले चार-पाँच किलोमीटर आराम से."

त्या दिवसापासून मी तसंच करत आलो. समोरच्या तापमानाच्या काट्याने तळ सोडून पहिली रेघ गाठल्याशिवाय इंजिनाला मिनिटाला दोन हजार फेऱ्यांच्या वर फिरू देत नसे. मागून ट्रक हॉर्न देत, मोटरसायकली पुढे निघून जात. मुलगी म्हणे, "बाबा, आपल्याला त्या बैलगाडीनं कट मारला." मी वेग वाढवत नसे.

बाबूजींना हे अर्धंच पटलं. हळू चालवणं त्यांना मान्य होतं. पण थंड गाडी फाटकाबाहेर काढायची, हे त्यांच्या डोळ्यांना बघवत नसे. त्यांनी मला काही न विचारता एक काम स्वतःकडे घेतलं. मी साडेसातला निघायचो. ते सात-वीसला दाराजवळच्या खिळ्यावरची चाबी काढत, गाडी सुरू करत, खाली उतरत आणि बॉनेटवर तळहात ठेवून उभे राहत. दहा मिनिटं.

"अजी बाबूजी, पुस्तकात लिवून हाये, उभी गाडी गरम करू नोका म्हणून."

"पुस्तक कोनं लिवलं? त्यानं हात लावून पाह्यला का?"

"कंपनीचा मिस्त्री बी तेच म्हणते."

"तो पोट्टा? मी पट्टा टाकत होतो तवा त्याच्या बापाची मिशी नव्हती फुटली."

पहिला हिवाळा असाच गेला. दुसऱ्या हिवाळ्यात एका सकाळी मला उशीर झाला, आणि मी बाहेर आलो तर गाडी अर्धा तास चालू होती. बाबूजी बॉनेटवर हात ठेवून उभे होते. मी चिडलो. "डिझेल काही बोरिंगचं पाणी नोहे," असं काहीतरी बोललो. त्या दिवशी चाबी खिळ्यावर न ठेवता उशाशी ठेवली. आठ दिवस ती तिथेच होती. ते आठही दिवस बाबूजी सात-वीसला उठून अंगणात जात, थंड बॉनेटवर हात ठेवत आणि परत येऊन खाटेवर बसत. मला एका शब्दाने बोलले नाहीत.

बाबूजींना बायको मामाजी म्हणे. नवव्या दिवशी ती मला म्हणाली, "चाबी द्या न मामाजीले."

"पुस्तकात काय लिवलं हाये, तुले मालूम हाये न?"

"पुस्तक राहू द्या तिकडं. सकाळी उठून मानसाले काही तरी करायले लागते का नाही?"

मी चाबी परत खिळ्यावर अडकवली. दुसऱ्या दिवशी सात-वीसला गाडी सुरू झाली.

वाद मी सोडला, पण डोक्यातून गेला नव्हता. गाडी रोज उभ्याने चालूच राहणार असेल तर निदान मोजून तरी पाहू, असं ठरवलं. ओसरीत थर्मामीटर लावला. डिसेंबर आणि जानेवारीतल्या एकोणीस सकाळी मी मुद्दाम लवकर उठून, गाडी सुरू झाल्यापासून काटा कधी हलतो ते घड्याळ लावून वहीत लिहिलं. ओसरीत नऊ ते अकरा अंश असताना उभ्या गाडीचा काटा तेरा-चौदा मिनिटं तळालाच राही. पहिल्या रेघेवर यायला एकोणीस ते एकवीस मिनिटं लागत. सरासरी वीस. तीच गाडी लगेच काढून हळू चालवली तर चार किलोमीटरवर, म्हणजे सहा मिनिटांत काटा त्याच रेघेवर येई.

माझ्या मते प्रश्न सुटला होता. एका रविवारी वही घेऊन मी बाबूजींच्या खाटेवर बसलो. त्यांचा चष्मा आत होता. म्हणाले, "वाचून दाखव." मी एकोणीसही ओळी वाचल्या. ते लक्ष देऊन ऐकत होते. माझ्या कामातलं काही त्यांनी इतकं लक्ष देऊन ऐकल्याचं मला आठवत नाही.

"म्हंजे इले वीस मिनिटं लागते," ते शेवटी म्हणाले. "मी दहाच देऊन राहिलो होतो."

मी वही मिटली. दुसऱ्या दिवसापासून गाडी सात-दहाला सुरू व्हायला लागली.

मी बायकोला ही गोष्ट सांगितली नाही. ती हसली असती, आणि मला तेव्हा हसण्यावारी नेऊ द्यायचं नव्हतं. बाबूजींना समजावणं मात्र मी त्यानंतर कायमचं बंद केलं. त्यांनी माझा आकडा घेतला होता आणि माझं म्हणणं सोडून दिलं होतं. आता वीस तर वीस, असं मी मनाशी म्हटलं.

पुढच्या जानेवारीत एका पहाटे खिडकीवर टकटक झाली. बायको आधी उठली, तिने मला हलवलं. बाहेरून बाबूजींचा आवाज आला.

"बाबू, ऊठ. छाती दुखून राहिली. चाल गोंदियाले."

भिंतीवरच्या घड्याळात पाच वाजून चाळीस मिनिटं झाली होती. मी शर्ट घातला, पाकीट घेतलं. बायकोने शाल आणि पाण्याची बाटली घेतली. मुलगी तेव्हा नागपूरला कॉलेजात होती, त्यामुळे घराला कुलूप लावावं लागलं. बाहेर आलो तर बाबूजी गाडीत पुढच्या सीटवर कानटोपी घालून बसले होते, एक हात छातीवर. गाडी चालू होती. पाच-पंचेचाळीसला आम्ही फाटकाबाहेर पडलो.

सवयीने माझी नजर काट्यावर गेली. काटा पहिल्या रेघेवर होता.

"पळव," बाबूजी म्हणाले. "गरम हाये. मी केली हाये गरम."

आणि मी पळवली. गाडी घेतल्यापासून पहिल्यांदा घरापासूनच इंजिन पूर्ण जोरात फिरवलं. धुकं होतं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना धान कापलेली शेतं, आमच्याकडच्या बांध्या, आणि त्यांत लाखोळीचं पीक, पण दिव्यांच्या उजेडात रस्त्याची कड सोडून काही दिसत नव्हतं. बायको मागे बसून त्यांचा खांदा धरून होती. गोरेगाव गेलं. एका चढावर मी गिअर बदलायला उशीर केला तर ते म्हणाले, "तिसऱ्यात घे." मग थोड्या वेळाने, "आवाज चांगला हाये इचा." त्यानंतर ते काही बोलले नाहीत. गोंदियाच्या वेशीवर त्यांची मान एका बाजूला कलली होती, पण श्वास चालू होता.

एकवीस किलोमीटर आम्ही एकवीस मिनिटांत गेलो. दवाखान्यात त्यांना लगेच आत घेतलं. डॉक्टरांनी मला विचारलं, "दर्द कब से है?"

"अभी, साहब. पाँच चालीस से."

त्यांनी तो आकडा कागदावर लिहिला. आठ वाजायच्या आत बाबूजी गेले.

तेरवीपर्यंत गाडीला हात लावला नाही. चौदाव्या दिवशी कामावर जायला निघालो. साडेसातला गाडी सुरू केली. अंगणात गाडी सुरू करणारं आता दुसरं कोणी नव्हतं. काटा तळाला होता. मी फाटकापर्यंत गेलो आणि तिथेच थांबलो.

त्या पहाटे काटा पहिल्या रेघेवर होता.

ते तेव्हाही मला दिसलं होतं. दिसलं आणि बरं वाटलं होतं, की चला, आता जोरात नेता येईल. त्या घाईत दुसरं काही सुचलं नव्हतं. आदल्या संध्याकाळी पाच वाजता मी गाडी आणून लावली होती, म्हणजे रात्रभरात ती पूर्ण थंड झालेली. पहाटेची थंडी माझ्या वहीतल्या सकाळींसारखीच. त्या थंडीत उभ्या गाडीचा काटा पहिल्या रेघेवर यायला वीस मिनिटं लागतात, हे मला जेवढं माहीत होतं तेवढं या जिल्ह्यात दुसऱ्या कोणाला माहीत नव्हतं.

तरी माझा विश्वास बसेना. दुसऱ्या दिवशी पहाटे पाच-वीसला उठून मी गाडी सुरू केली आणि आत बसून राहिलो, बाबूजी बसले होते त्याच सीटवर. पाच-चाळीस व्हायला अर्धा मिनिट कमी असताना काटा रेघेवर आला. वीस मिनिटं फार मोठी असतात. काचेवर दव होतं. घराचं दार समोर दिसत होतं, नऊ पावलांवर. आमच्या खोलीची खिडकी त्याहून जवळ.

त्यांना पाच-वीसच्या आधीच दुखायला लागलं असणार. ते उठले, चाबी काढली, गाडी सुरू केली आणि छाती धरून बसले. आधी इंजिन तयार करायचं आणि मग माणसाला हाक द्यायची, असा त्यांचा क्रम होता. म्हणजे आम्हाला उठवल्यावर वेळ जायला नको, मुलाने पहिले चार किलोमीटर हळू चालवायला नको. तो काटा बघून हळूच चालवतो, हे त्यांना पक्कं माहीत होतं. त्या पहाटे मी हळू चालवलं असतं तर किती वेळ जास्त लागला असता, तेही मी काढलं आहे. दोन मिनिटं. दोन मिनिटं वाचवायला त्यांनी वीस मिनिटं घालवली. आणि ती वीस मिनिटं त्यांची नव्हती. मिलमध्ये ते दहा देत असत. वीसचा आकडा माझ्या वहीतला.

महिनाभराने मी त्या डॉक्टरांना भेटायला गेलो. बाहेर पेशंट बसले होते, म्हणून थोडक्यात सांगितलं की कागदावरची वेळ चुकली आहे, पाच-वीस किंवा त्याआधीची धरा. मग विचारलं, वीस मिनिटं आधी आणलं असतं तर?

"फरक पड़ सकता था," ते म्हणाले. "नहीं भी पड़ता."

"कितना, साहब?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "ये कोई नहीं बता सकता."

खोटी समजूत त्यांनी घातली नाही, याबद्दल मला त्यांचा राग नाही.

घरी मी काही बोललो नाही. बोललो असतो तर बायकोला आधी ती चाबीच आठवली असती. तिने सांगितलं नसतं तर चाबी माझ्या उशाशीच राहिली असती, बाबूजी चाबी मागायला खिडकीशी आले असते, आणि पाच-वीसलाच आम्ही उठलो असतो. हा विचार मला होता तेवढा पुरे होता. तिला तो कशाला द्यायचा? म्हणून येणाऱ्या-जाणाऱ्यांना ती सांगे, "मामाजीनं आवाज दिला अन् आम्ही निघालोच. पाच मिनिटं नाही लावले," आणि मी शेजारी बसून मान हलवत असे.

तीन वर्षांनी मुलगी दोन दिवसांसाठी आली. तिचं लग्न झालं होतं, नागपूरलाच असते. आजोबांच्या शेवटच्या दिवसाबद्दल तिने कधी विचारलं नव्हतं. तिला त्या दिवशी पोचायला दुपार झाली होती. या वेळी निघायच्या आधी जेवताना तिने विचारलं, "आजोबांना फार वेळ दुखत होतं का गं?"

"नाही. आवाज दिला न लगेच निघालो," तिची आई म्हणाली. "पाच मिनिटं नाही लावले."

मी मान हलवली. दोन वाजता मुलगी आणि जावई गेले. बायको ओसरीत येऊन बसली. तांदूळ निवडायला घेतले होते, पण हात चालत नव्हता.

"मी पोरीशी बी खोटं बोलली," ती म्हणाली. "मले त्या दिवशी गाडी चालू झाल्याचा आवाज आला होता. मी घड्याळ पाह्यलं. पाच वीस. मले वाटलं तुमाले तलावावर लवकर जायचं असंन, मामाजीनं म्हणून लवकर लावली. मी कूस बदलली."

"तुले मालूम होतं?"

"तेरवीच्या नंतर तुम्ही पहाटे गाडीत जाऊन बसले होते न, घड्याळ घेऊन? मी खिडकीतून पाह्यलं. तवाच समजलं, तुमाले बी समजलं म्हणून."

"मंग बोलली काऊन नाही?"

"तुम्ही काऊन नाही बोलले?"

मी तिच्या सुपातला एक खडा काढून टाकला. मग ती म्हणाली, "चाबी मीच द्यायले लावली होती."

तेव्हा मी तिला वहीचं सांगितलं. एकोणीस ओळी मी बाबूजींना कशा वाचून दाखवल्या आणि त्यांनी त्यातून काय घेतलं, ते सगळं. तिला हे माहीत नव्हतं. रोज गाडी दहा मिनिटं आधी लागते ती मामाजींची झोप कमी झाली म्हणून, असं तिला वाटे. ती दहा मिनिटांवरच अडकून बसली होती, की मामाजीचे दहाच, त्या दिवशी वीस काऊन बसले, दुखण्यानं उठता नाही आलं का त्यायले. हेही ती तीन वर्षं एकटी घेऊन होती.

"उठता नाही आलं असं नाही," मी म्हणालो. "मीच वीस सांगितले होते."

तिने तांदळाचं सूप बाजूला ठेवलं. तुमची चूक नाही, असं ती म्हणाली नाही. तुझी नाही, असं मीही म्हणालो नाही. इतक्या वर्षांनी खरं बोलायला बसलो होतो, त्यात ते घालणं बरोबर वाटलं नाही. ती रडली. मी पाणी आणून दिलं.

ऊन उतरायला लागलं तेव्हा तिने डोळे पुसले. "पोरीचा फोन नाही आला. पोचली असंन न? लावा न."

मी फोन लावला. मुलगी पोचली होती, वाटेत चहाला थांबले होते म्हणाली. मी तिला म्हणालो, "आजोबांचं तू जे विचारलं न, त्याचं उत्तर आम्ही चुकीचं दिलं. पुढच्या खेपेला आली का बरोबर सांगतो."

"काय चुकीचं?" तिने विचारलं.

मी बायकोकडे पाहिलं. तिने नको म्हटलं नाही.

"वेळ," मी म्हणालो. "वेळ चुकीची सांगितली."